लेमोनेडची बाटली

दलित साहित्यात हॉटेल नाही, सहल नाही, घरातलं हसणं-खिदळणं नाही, नुसती उपासमार आणि शिव्या, ही तक्रार आता जुनी झाली. ती करणारे प्राध्यापक निवृत्त झाले, काही गेले. त्यांना उत्तरं देऊन झाली. त्यांच्याशी माझं आता भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या माणसांशी, म्हणजे तुमच्याशी, आणि ते घरातलं आहे म्हणून जरा मोठ्या आवाजात करतो.

सांगलीत एका कविसंमेलनात (संमेलन कसलं, पंधरावीस जण आणि एक सतरंजी) एका मुलीनं कविता वाचली. पहिला पगार झाला, आईबापाला हॉटेलात नेलं, बापानं मेनूकार्ड उलटं धरलं, आईनं उरलेला पापड पदरात बांधला, अशी. कविता बरी होती, दोनचार ठिकाणी सैल होती. लगेच एक कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "ही मध्यमवर्गीय कविता झाली. हिच्यात विद्रोह कुठाय? आपण पण आता बामणांवाणी हॉटेल आणि सहली लिवत बसायचं का?" चारपाच जणांनी माना डोलावल्या. पोरगी कागदाची घडी करून खाली बसली.

ह्या प्रश्नाला माझ्याकडं साक्षीदार एकच आहे. पण तो असा आहे की त्याच्यापुढं तुम्हांला-मला बोलायची सोय नाही. खुद्द बाबासाहेब.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं इंग्रजी लिखाण. हयातीत छापलं गेलं नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याची पुस्तिका काढली, पुढं सरकारी खंडांतल्या बाराव्या खंडात ते आलं. मराठीत भाषांतरं झाली, आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. त्यात सहा प्रसंग आहेत. चार बाबासाहेबांचे स्वतःचे, दोन दुसऱ्यांचे. आता एक गोष्ट नीट बघा. स्वतःचे जे चार आहेत ते चारही बाहेर पडण्याचे आहेत. सुट्टीला बापाकडं निघालेली पोरं, बडोद्यात राहायला जागा शोधणारा परदेशातनं शिकून आलेला माणूस, चाळीसगावचा टांगा, आणि दौलताबादची सहल. म्हणजे प्रवास, मुक्काम, वाहन, पाणी. मराठीत ज्याला प्रवासवर्णन म्हणतात त्याचाच हा मामला आहे. पण ग्रंथालयातल्या प्रवासवर्णनाच्या कपाटात हे पुस्तक तुम्हांला सापडायचं नाही. आपण तरी कुठं ठेवलं तिथं? आपण ते 'दाहक अनुभव' ह्या फडताळात टाकलं आणि कडी लावली.

पहिला प्रसंग सातारचा. साल १९०१. भिवा नऊ-दहा वर्षांचा. आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, तो सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालेला, ज्याला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. आई गेलेली. वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार (इंग्रजी मजकुरात कोरेगाव छापलंय, चरित्रांतून गोरेगाव येतं), तिथं दुष्काळी कामावर तलाव खोदायचं चाललेलं. घरात आत्या. आणि पोरं चार: भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुलं. सातारला न्हावी भरपूर होते, पण ह्या घरातल्या पोरांचे केस घरातच कापले जायचे, बहीण कापायची. शाळेत तहान लागली तर शिपाई हजर असेल तरच पाणी. हे सगळं बाबासाहेब थोडक्यात सांगतात, आवाज न चढवता.

मग वडिलांचं पत्र येतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडं या. आणि इथनं पुढं दीड पान जे आहे ते मराठी माणसानं लिहिलेलं, जरी इंग्रजीत असलं तरी, सहलीच्या तयारीचं फार सुंदर वर्णन आहे. पोरांनी रेल्वे कधी बघितलेली नव्हती. विलायती कापडाचे नवे सदरे शिवले. चकचकीत नक्षीच्या टोप्या आल्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. रामजींनी वाट कशी, कुठं उतरायचं, शिपाई घ्यायला कसा येईल, सगळं कळवलेलं. निघताना आत्या रडली. स्टेशन गावापासनं दहा मैल, म्हणून टांगा केला. स्टेशनावर मोठ्या भावानं तिकिटं काढली आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन आणे ठेवले, हे तुमचे, काय करायचं ते करा. पोरांनी काय केलं? चौघांनी प्रत्येकी एक-एक बाटली लेमोनेड मागवलं. बाबासाहेब इथं स्वतःचीच थट्टा करतात, की बघा, आमच्या उधळपट्टीला इथनं सुरुवात झाली. हा सगळा मजकूर लिहिणारा माणूस चाळिशी ओलांडलेला बॅरिस्टर आहे, तोवर महाड झालंय, गोलमेज झालीय, पुणे करार झालाय. त्याला लेमोनेडची बाटली आठवते. आणि तो ती लिहितो.

आता मला सांगा, चौदा एप्रिलच्या किती भाषणांत तुम्ही ही बाटली ऐकली? मी एकदाही नाही. आपली भाषणं मसूर स्टेशनावर सुरू होतात. संध्याकाळचे पाच, गाडी निघून गेली, उतारू पांगले, चार पोरं फलाटावर. तिथनं पुढं सगळ्यांना पाठ. पण मसूरला जे घडतं ते आधीच्या दीड पानावाचून कळतच नाही. स्टेशनमास्तर आधी ममतेनं विचारपूस करतो. का? तर कपडे. ती विलायती सदरे, ती टोप्या, ती रेशीमकाठ. त्याला वाटतं बामणाचीच लेकरं. मग तो विचारतो तुम्ही कोण, आणि भिवा काही विचार न करता बोलून जातो, महार. मास्तरचं तोंड उतरतं, तो मागं फिरतो, खोलीत जातो. कपड्यांवर खर्चलेली सगळी हौस त्या एका शब्दात धुऊन निघते. हौस लिहिली म्हणून तो शब्द लागतो. नुसताच शब्द लिहिला असता तर तो सरकारी अहवालात पण चालला असता.

पुढचा भाग तर आपण चुकीचाच सांगतो. व्याख्यानांतून, चित्रांतून, शाळेतल्या पोरांच्या नाटुकल्यांतून काय दिसतं? गाडीवानाला वाटेत जात कळते, तो संतापतो, पोरांना गाडीतनं खाली लोटतो. बाबासाहेबांच्या स्वतःच्या मजकुरात असं काही नाही. तिथं जात आधीच सगळ्यांना माहीत आहे. गाडीवान कुणी यायला तयार नाही, दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी नाही. मग तोच स्टेशनमास्तर तोडगा काढतो. पोरांनो, तुम्हांला गाडी हाकता येते का? येते. मग ठरतं ते असं: भाडं दुप्पट, बैल पोरांनी हाकायचे, गाडीचा मालक बाजूनं पायी चालणार. एक जण तयार होतो. त्याचा विटाळ वाचला, पैसे पण मिळाले.

लोटून देणारा गाडीवान आपल्याला सोपा जातो. तो दुष्ट, आपण पीडित, टाळ्या. पण हा बाजूनं चालणारा गाडीवान अवघड आहे. तो शिवी देत नाही. तो सौदा करतो. जातीचं खरं रूप मला तरी ह्या सौद्यात दिसतं. आणि बाबासाहेबांनी ते दोनदा दाखवलंय. तिसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता ते सरकारनं नेमलेल्या समितीचे सभासद आहेत, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला फिरतायत. वस्तीतली माणसं आग्रह करतात, एक रात्र राहा. टांगेवाले नेत नाहीत. तोडगा तोच! टांगा भाड्यानं मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपलाच एक जण हाकतो, त्याला सवय नाही, पुलावर टांगा उलटतो, बाबासाहेबांना मार बसतो. अठ्ठावीस वर्षं, दोन परदेशी विद्यापीठं, बॅरिस्टरी, आणि करार मसूरचाच. ही जुळवणी नुसत्या दुःखाच्या यादीनं दिसत नाही. गाडीभाड्याचा तपशील बारकाईनं लिहिलाय म्हणून दिसते.

मसूरनं निघाल्यावर पोरांजवळ खायला भरपूर आहे, घरनं दिलेला डबा आहे. पाणी नाही. वाटेत जे पाणी आहे ते चिखलाचं, जनावरांच्या शेणामुताचं. मध्यरात्री टोलनाक्यावर भिवा, गाडीवानानं शिकवल्यापरमाणं, आम्ही मुसलमान म्हणून उर्दूत पाणी मागतो. तिथं पण मिळत नाही. म्हणजे सकाळी दोन आण्यांत बाटली मिळाली, तिथं विकणाऱ्यानं जात विचारल्याचं बाबासाहेब लिहीत नाहीत. रात्री फुकटचं पाणी नाही. आणि डबा उशाशी असून पोरं उपाशी झोपली.

तर दोस्तांनो, आपल्या साहित्याच्या पहिल्या पानावर हॉटेल-सहल आहे. त्याला चैन म्हणून हाकलायचं झालं तर आधी हे पान फाडावं लागेल.

थोडं पलीकडच्यांचं बघू, कारण तुलना केल्याशिवाय आपलं काय ते कळत नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडं निघाला, दक्षिणा मिळेल म्हणून. त्याचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला आणि मराठी प्रवासवर्णनाची गोष्ट निघाली की त्याचं नाव निघतंच. निघावं, पुस्तक चांगलंच आहे. माणूस लुटला गेला, हाल झाले, झाशीचा कहर त्यानं डोळ्यांनी बघितला. पण कुठल्याही परगावी बामण म्हणून त्याला एक दार उघडं होतं. जात हीच त्याची शिधापत्रिका. मसूरला तीच जात दुप्पट भाडं झाली. पुलंची 'अपूर्वाई' १९६० ची. वाचताना मला हसू येतं, खोटं कशाला बोलू. पण तिथं जायचं आहे विलायतेला, आणि अडचण आहे ती समुद्रापलीकडच्या परकेपणाची. आपल्याला परकेपणा दहा मैलांवर भेटतो. बाबासाहेबांनी पुस्तकाला 'व्हिसा' हा शब्द उगाच वापरला नाही. व्हिसा परक्या मुलखात शिरायला लागतो, आणि हा माणूस सातारा जिल्ह्यातनं सातारा जिल्ह्यातच चाललेला होता.

आपल्या भागाचा विचार केला तर हा फरक रस्त्यारस्त्यावर दिसतो. (आपला भाग म्हणजे दोन्ही जिल्हे. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० ला त्याचं सांगली झालं. त्याआधीची माणसं सगळी सातारचीच.) माणदेशात आटपाडी-माडगूळ ह्या दोनतीन कोसांत व्यंकटेश माडगूळकर झाले आणि शंकरराव खरात झाले. माळ तोच, ओढे तेच, बाभळी त्याच. माडगूळकरांना तो माळ हिंडायला, पाखरं बघायला, माणसं टिपायला मोकळा होता, आणि 'माणदेशी माणसं' त्यांनी जीव लावून लिहिली. खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) तोच माळ बापाच्या पायाखाली आहे, पण बाप हिंडायला निघालेला नाही. तो तराळ आहे. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसापुढं पळायचं, रात्र असो पाऊस असो. महारकीचं वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, तोवर आपल्या बापजाद्यांनी जेवढा महाराष्ट्र पायाखाली घातला तेवढा एकाही गिर्यारोहण मंडळानं घातला नसेल. त्याला कुणी भटकंती म्हणत नाही. वेठ म्हणतात.

भटकंती हा शब्द तर फारच गमतीचा. रविवारच्या पुरवणीत भटकंती म्हणजे पाठीवर सॅक आणि सज्जनगड, अजिंक्यतारा, कासचं पठार. फलटणकडच्या लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त (१९८०) भटकंती म्हणजे गाढवावर संसार, आज ह्या गावाबाहेर पाल, उद्या त्या. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच जिल्ह्यात एकाच वेळी चालू आहेत आणि कुणाला खटकत नाहीत.

अण्णाभाऊंची गोष्ट मात्र मला आपल्या लोकांना खडसावून विचारायची आहे. वाटेगावचं मांगाचं पोर बापाबरोबर पायी मुंबईला गेलं, हे आपण प्रत्येक १ ऑगस्टला सांगतो. तोच माणूस १९६१ ला रशियाला गेला आणि त्यानं 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ते कितीजण सांगतात? अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) प्रवासवर्णन म्हणून मानानं ठेवलं जातं, ते त्यांचं त्यांनी ठेवलं. पण आपल्या अभ्यासवर्गात 'फकिरा' असतो आणि रशिया नसतो, हे कुणाचं पाप? मला वाटतं आपल्याला पायी चालणारे अण्णाभाऊ चालतात, विमानात बसलेले आणि खुशीत हिंडणारे अण्णाभाऊ अडचणीचे वाटतात. त्या पुस्तकात कौतुक जरा जास्तच आहे, रशियाचं सगळंच त्यांना गोड लागलंय, हे टीकाकार म्हणून मी मान्य करतो. पण ज्या माणसाला गावच्या चावडीवर बसू दिलं नसतं तो परक्या देशात पाहुणा म्हणून जेवायला बसतोय, तर त्यानं हरखून जाऊ नये अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

आणि हा आक्षेप, की चळवळीच्या माणसानं सहलीला जाणं म्हणजे चैन. तर बाबासाहेबांचा चौथा प्रसंग काढा. १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनाच वाटलं की कुठंतरी हिंडून येऊ, त्यांनी म्हटलं साहेब तुम्ही पण चला. तीसेक जण, वेरूळची लेणी बघायला. येवल्याच्या घोषणेला अजून एक वर्ष आहे आणि हे लोक बुद्धाची लेणी बघायला निघालेत, ते पण मौजेनं. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीनं माखलेले, दारातच काठोकाठ भरलेला हौद, तिथं तोंड-हातपाय धुतले. एवढ्यावर गिल्ला झाला, धेडांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता, माणसं गोळा झाली. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो हत्यारबंद शिपाई बरोबर घेऊन, आतल्या पाण्याला हात लावू नये म्हणून. त्या तीस जणांना घरी बसून ठराव करता आले असते. ते गेले. हौदापाशी जे कळलं ते ठरावात कळलं नसतं.

आता हॉटेल. आपल्या शेजारी कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा तबेल्यातला नोकर होता. पाण्याला शिवला म्हणून त्याला मार बसला. शाहू महाराजांनी त्याला नोकरीतनं मोकळं केलं आणि धंदा काढायला सांगितलं. त्यानं चहाचं दुकान काढलं, 'सत्यसुधारक हॉटेल'. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना पण प्यावा लागला. इकडं सातारला भाऊराव पाटलांनी १९२४ ला बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. म्हणजे आपल्याकडं समाजसुधारणेची दोन मोठी कामं कपात आणि ताटात झाली. आणि भारताची घटना काढून १५ वं कलम वाचा, दुसरं पोटकलम. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, असे शब्द तिथं एकेक करून घातलेत. मूलभूत हक्कांच्या भागात हॉटेल हा शब्द आहे. मसूरचा रस्ता आहे, दौलताबादचा हौद आहे. जो विषय घटनेत बसतो तो कवितेत बसत नाही, हे मला पटवून द्या.

कायदा झाला म्हणून अंगातलं गेलं असं नाही. सांगलीत माझ्या भाचीचा वाढदिवस होता, सगळे एका हॉटेलात गेलो. नऊ माणसं, दोन टेबलं जोडून. पोरांनी मागवायचं ते मागवलं, आम्ही बिलाकडं न बघता बसलो. आई सत्तरीची. शेवटी चहा झाला तशी ती कप-बशी हातात घेऊन उठली आणि पोऱ्याला विचारायला लागली, "नळ कुठंय रं बाळा?" पोऱ्या गडबडला. "आजी, ऱ्हाऊ द्या, आम्ही धुतो." भाची खो-खो हसली, "अगं आजी, हितं आपला कप आपण धुवायचा नसतो!" आईपण हसली आणि बसली. टेबलावरच्या आम्हा चौघा-पाच मोठ्यांनाच फक्त कळलं की ती नळ का शोधत होती. गावच्या हॉटेलाच्या वळचणीला ठेवलेला वेगळा कप, आपण घ्यायचा, प्यायचा, विसळून परत पालथा घालायचा. हे तिच्या हाताला माहीत होतं. भाचीला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं ही केवढी कमाई आहे. पण तिला सांगायचं का नाही सांगायचं, कधी सांगायचं, वाढदिवसादिवशी सांगायचं का? ह्यावर माझ्या बहिणीत आणि मेव्हण्यात घरी येईस्तोवर वाद झाला. दाखवा मला हा वाद आपल्या कुठल्या कथेत आलाय. 'बलुतं' (१९७८) येऊन किती वर्षं झाली, फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं १९८६ ला आलं. त्या पुस्तकात आखाडातल्या सणाची, गोडाधोडाची, बायांच्या धांदलीची पानंच्या पानं आहेत. बाईनं भुकेबरोबर पुरणपोळी लिहिली, आणि आपण फक्त भूक उचलली.

दुसरीकडं ज्यांनी हल्ली हा विषय घेतलाय त्यांच्यावर पण मी खूश नाही. साहेब झाल्यावर महाबळेश्वरला गेलो, बोटिंग केलं, फोटो काढला, बाबासाहेबांमुळं हे दिवस, जय भीम. अशा कविता दर आठवड्याला मोबाईलवर येतात. कृतज्ञता खरी आहे, कविता खोटी आहे. कारण तिच्यात मसूर नाही. माझ्या एका मित्रानं महाबळेश्वरच्या वाटेवर एका ठिकाणी खोलीसाठी फोन केला. आधी तारीख विचारली, मग माणसं किती, मग आडनाव. मग गाव कुठलं. मग गावात कुठं. शेवटी, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. ह्यात कुणी शिवी दिली नाही, लोटलं नाही. पोलिसात काय लिहून देणार? हा बाजूनं चालणारा गाडीवान झाला. मित्र मग दुसरीकडं गेला, पोरांनी स्ट्रॉबेरी खाल्ली, खूप हसले, फोटो टाकले. फोटोखाली फोनचं काही लिहिलं नाही. मला दोन्ही एकत्र पाहिजे, स्ट्रॉबेरी आणि फोन. बाबासाहेबांनी लेमोनेड आणि टोलनाका एकाच मजकुरात लिहिले, एकाला दुसऱ्यानं खाऊन टाकू दिलं नाही. आपल्याकडं एक तर नुसता टोलनाका लिहिणारे, नाहीतर नुसतं लेमोनेड.

खरं तर आपल्याइतक्या सहली कोण काढतं? १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, ६ डिसेंबरला दादर, आणि दसऱ्याच्या टायमाला नागपूर. टेम्पो ठरतो, वर्गणीवरनं भांडणं होतात, कुणाची तरी म्हातारी पुढं बसायला हटून बसते, लेकरं ओकतात, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीची फडकी सुटतात, पहाटे कुठंतरी चहाला गाडी थांबते आणि पुस्तकांच्या पिशव्या घेऊन माणसं परत येतात. लग्नं जमतात त्या टेम्पोत. ह्याच्यावर गाणी आहेत, पण गद्य जवळजवळ नाही. आपण लिहितो ते स्मारकाजवळ पोचल्यावरचं, मूठ वळल्यावरचं. टेम्पोतला प्रवास आपल्याला साहित्य वाटत नाही.

सगळेच प्रवास हसत निघत नाहीत हेही आहेच. मिरज तालुक्यात बेडगला २०२३ साली बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली आणि वस्तीतली कुटुंबं घरं सोडून पायी मुंबईच्या वाटेला लागली. पेपरात मागण्या आल्या, पुढाऱ्यांचे फोटो आले. पण पोरांच्या दप्तराचं काय केलं, शेळ्या कुणाकडं ठेवल्या, रस्त्यात पाणी कुणी दिलं आणि कुणी दिलं नाही, म्हाताऱ्या माणसांनी रात्री काय गप्पा मारल्या, हे त्या चालणाऱ्यांतल्याच कुणीतरी लिहायला पाहिजे. बातमीदार ते लिहिणार नाही. त्याला गाडीभाडं आणि पाणी हे तपशील वाटतात.

तेव्हा त्या पोरीला माझं सांगणं, कविता परत लिही. मेनूकार्ड उलटं धरलेलं राहू दे. पापड राहू दे. पण हॉटेलात शिरताना बाप दाराशी किती वेळ थांबला ते लिही, थांबला असलाच तर. नसेल थांबला, सरळ जाऊन बसला असेल, तर तसं लिही, ते आणखी मोठं. बिल किती झालं ते पण लिही. आणि जे मान डोलावत होते त्यांनी आपापल्या घरच्या एका सहलीचं, एका जेवणाचं चार पानं लिहून ह्या अंकाकडं पाठवावं. खाडाखोड चालेल. निबंध नको, भाषण नको. कुठनं निघालो, कशानं गेलो, भाडं काय पडलं, बरोबर काय खायला होतं, कुणी काय विचारलं, एवढं असलं तरी पुरे. शेवटी घोषणा लिहून पाठवली तर ती तेवढी आम्ही कापू.